लेकीचे हायस्कूल ग्रॅज्युएशन, आजी-आजोबांची तिकिटे आणि शाळेचे शेवटचे दोन महिने

पारिजात (न्यू जर्सी) यांचा प्रश्न

नमस्कार. आमची मोठी मुलगी येथील एका सरकारी हायस्कूलमध्ये सीनियर, म्हणजे बारावीला आहे आणि जूनमध्ये तिचे ग्रॅज्युएशन आहे. आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो. आमच्या वेळी निरोप समारंभ परीक्षेच्या आधीच उरकलेला असे. पुढे बोर्डाचा निकाल लागला, की कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून गुणपत्रिका आणि दाखला घ्यायचा, एवढाच बारावीचा शेवट आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे येथे जो मोठा सोहळा होतो, तो आमच्या घरात आजवर कोणीच पाहिलेला नाही.

माझे सासू-सासरे नाशिकला असतात. नातीचा हा दिवस पाहायला येण्याची दोघांनाही फार इच्छा आहे आणि त्यांचा व्हिसाही आहे. अडचण अशी आहे, की शाळेने समारंभाची तारीख कळवताना ‘तात्पुरती’ असा शब्द घातला आहे आणि विमानाची तिकिटे मात्र आताच काढावी लागणार आहेत. शिवाय कार्यक्रम फुटबॉलच्या मैदानावर झाला तर पुरेशा जागा मिळतील, पण पाऊस आल्यास तो जिममध्ये हलवला जाईल आणि तेव्हा प्रत्येक कुटुंबाला फक्त दोनच माणसे आणता येतील, असेही पत्रात लिहिले आहे. एवढ्या लांबून आलेल्या आजी-आजोबांना ऐनवेळी घरी बसवावे लागले, तर काय करायचे?

दुसरी काळजी मुलीच्या अभ्यासाची आहे. कॉलेजचा प्रवेश मार्चमध्ये निश्चित झाला आणि तेव्हापासून तिने पुस्तकांकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे. शाळेकडून दर आठवड्याला प्रॉम (मुलांचा नृत्यसोहळा), पुरस्कार-संध्या, इयरबुक, लॅपटॉप परत करणे, तालीम अशा अनेक विषयांची लांबलचक पत्रे येतात. त्यांतले काय अनिवार्य आहे आणि काय सोडले तरी चालेल, हे आम्हाला समजत नाही. ज्यांची मुले या टप्प्यातून गेली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

मिडलसेक्सकर यांचे उत्तर

पारिजातताई, सर्वप्रथम लेकीचे मनापासून अभिनंदन. आमच्या मुलाचे ग्रॅज्युएशन न्यू जर्सीतच झाले, म्हणून तारखेच्या आणि तिकिटांच्या प्रश्नापुरते लिहितो.

तारीख तात्पुरती असण्याचे कारण बहुतेक वेळा हिवाळ्यात दडलेले असते. येथील शाळांना वर्षाचे किमान १८० दिवस भरावे लागतात. हिमवृष्टीमुळे ठरवलेल्या राखीव दिवसांपेक्षा जास्त दिवस शाळा बंद राहिली, तर ते दिवस वर्षाच्या शेवटी जोडले जातात आणि समारंभही जूनमध्ये पुढे सरकतो. मार्च उलटल्यावर सहसा हिमवृष्टीची भीती उरत नाही आणि शाळा मंडळ अंतिम तारीख जाहीर करते. त्यामुळे आता मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला किंवा शाळा मंडळाच्या सचिवांना फोन करून ‘तारीख मंडळाच्या बैठकीत मंजूर झाली आहे का’ एवढेच विचारावे. मंजूर झाली असेल, तर तिकिटे काढण्यास हरकत नाही. तरीही सासू-सासऱ्यांचे परतीचे तिकीट समारंभानंतर निदान दोन आठवड्यांनी ठेवा, कारण पावसासाठी एक-दोन राखीव दिवस असतात आणि नंतरच्या आठवड्यात घरोघरी ग्रॅड पार्ट्या होतात. त्यांतच सर्वांच्या निवांत भेटी होतात.

पावसाच्या दिवसाच्या दोन तिकिटांबद्दल सांगायचे, तर बऱ्याच शाळांत मुले आपापसांत तिकिटांची देवाणघेवाण करतात. ज्या मुलांचे आई-वडील वेगळे राहतात किंवा ज्यांच्या घरी लहान भावंडे आहेत, त्यांना जास्त लागतात आणि काहींकडे उरतात. लेकीने मे महिन्यातच मैत्रिणींना विचारून ठेवावे. शाळेकडे जादा तिकिटांसाठी विनंतीही करता येते, पण त्यासाठी आजोबा भारतातून येणार आहेत, हे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले त्या गडबडीच्या दिवसांत कोणाच्याच लक्षात राहत नाही. आजी-आजोबांपैकी कोणाला गुडघ्याचा त्रास असेल, तर तेही त्याच पत्रात लिहा. मैदानावरच्या लोखंडी पायऱ्यांवर दोन-अडीच तास बसणे ज्येष्ठांना कठीण जाते, आणि चालण्यास त्रास असलेल्यांसाठी शाळा खाली, सपाट जागेवर खुर्च्या ठेवते.

ते दोघे जिममध्ये बसणार आणि तुम्ही दोघे बाहेर, अशी वेळ आलीच, तर बहुतेक शाळा कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण करतात आणि सभागृहात किंवा उपाहारगृहात मोठा पडदाही लावतात. माझे स्पष्ट मत असे, की तशा वेळी आत आजी-आजोबांना बसवावे. तुम्ही मुलीला रोज पाहता.

काउन्सेलर, ह्यूस्टन यांचे उत्तर

मी टेक्सासमध्ये एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून काम करते. आमच्याकडे शाळा लवकर संपतात आणि ग्रॅज्युएशन मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला होते, त्यामुळे तारखांबाबत माझे अनुभव तुमच्या उपयोगाचे नाहीत. परंतु अभ्यासाच्या काळजीबद्दल मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण दर वर्षी मराठी आणि एकूणच भारतीय कुटुंबांतून हाच प्रश्न माझ्याकडे येतो आणि बऱ्याचदा तो उशिरा येतो.

अमेरिकेत बारावीला बोर्डाची परीक्षा नसते. डिप्लोमा शाळा देते आणि तो चार वर्षांत मिळवलेल्या क्रेडिटांवर, म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या अंकांवर मिळतो. न्यू जर्सीत राज्याची किमान अट १२० क्रेडिटांची आहे आणि शाळा मंडळे त्यापेक्षा जास्तही मागू शकतात. म्हणजे शेवटच्या सत्रात एखाद्या आवश्यक विषयात, मग तो शारीरिक शिक्षणासारखा सोपा वाटणारा विषय का असेना, मूल नापास झाले, तर इतर सर्व विषयांतले उत्तम गुण असूनही डिप्लोमा अडतो. हुशार मुलांच्या बाबतीतही हे घडताना मी पाहिले आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे नावडीपेक्षा गैरहजेरी असते. प्रवेश मिळाल्यावर मुले सकाळचे तास बुडवू लागतात. म्हणून आज घरी पहिले काम करायचे ते म्हणजे शाळेच्या पोर्टलवर लेकीसोबत बसून हजेरीचा रकाना पाहणे. गुणांचा रकाना त्यानंतर पाहा.

दुसरी बाब कॉलेजची. मार्चमध्ये आलेले प्रवेशपत्र पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात जवळजवळ नेहमीच असे लिहिलेले असते, की हा प्रवेश चालू वर्षाचा अभ्यास आतापर्यंतच्याच दर्जाने पूर्ण होईल या अटीवर दिलेला आहे. वर्ष संपल्यावर शाळा कॉलेजला अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या श्रेणींची अधिकृत नोंद पाठवते. त्यात ‘ए’ श्रेणीऐवजी एखादी ‘बी’ दिसली, तर कोणी काही विचारत नाही. मात्र अनेक विषयांत ‘सी’ आणि ‘डी’ दिसल्या किंवा अर्जात लिहिलेला विषय मधेच सोडलेला आढळला, तर कॉलेज खुलासा मागते आणि क्वचित प्रसंगी प्रवेश रद्दही करते. असे पत्र जुलैमध्ये येते. तोपर्यंत १ मेपर्यंत इतर कॉलेजांना नकार कळवून झालेला असतो, शाळा बंद असते आणि मदत करू शकणारे आम्ही लोक सुट्टीवर असतो. हे मुलीला धाक म्हणून सांगू नका. प्रवेशपत्र तिच्या हातात देऊन तिलाच ते वाक्य वाचू द्या.

तिने एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय घेतले असतील, तर त्यांच्या परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होतात आणि गुण जुलैमध्ये येतात. शाळेच्या निकालावर त्यांचा परिणाम होत नाही, म्हणून सीनियर मुले त्यांना कमी लेखतात. परंतु पाचपैकी चार किंवा पाच गुण मिळाले, तर अनेक कॉलेजांत त्या विषयाचे क्रेडिट मिळते आणि एखाद्या पूर्ण कोर्सचे शुल्क वाचते. आपण ज्या कॉलेजला जाणार तेथे कोणत्या विषयाला किती गुणांवर क्रेडिट मिळते, हे त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर तिने स्वतः शोधावे. एक कॉलेज निवडून त्याला गुण विनामूल्य पाठवण्याची सोय २० जूनपर्यंत असते, तीही विसरू नये.

साप्ताहिक पत्रांबद्दल माझा सल्ला असा, की त्यांतल्या दोनच गोष्टींवर लाल खूण करा. एक म्हणजे समारंभाची तालीम. बहुसंख्य शाळांत तालमीला न आलेल्या विद्यार्थ्याला मंचावर येऊ देत नाहीत, आणि हा नियम खरोखरच पाळला जातो. दुसरी म्हणजे शाळेची देणी. ग्रंथालयाचे पुस्तक, लॅपटॉप, खेळाचा गणवेश, जेवणाच्या खात्यातली बाकी यांपैकी काहीही राहिले असेल, तर टोपी आणि गाउन अडवून ठेवले जातात. प्रॉम, इयरबुक, सहल हा मुलीच्या आवडीचा प्रश्न आहे, तेथे तुम्ही निश्चिंत राहावे. मंचावर हातात मिळते ती अनेकदा नुसती जाड पुठ्ठ्याची फाइल असते आणि खरा डिप्लोमा नंतर कार्यालयातून घ्यायचा असतो, हे आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी रिकामी फाइल उघडून पाहिली आणि नातू नापासच झाला, असे समजून ते फार अस्वस्थ झाले होते.

डिप्लोमावरचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, हे मे महिन्याच्या आत तपासा. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लावतात, आणि शाळेच्या नोंदीत ते कधी असते, कधी नुसते आद्याक्षर असते. पुढे मुलीने भारतात शिक्षणासाठी जायचे ठरवले, तर समकक्षतेच्या प्रमाणपत्रासाठी हीच कागदपत्रे लागतात आणि नावातला एवढासा फरकही कित्येक महिने त्रास देतो.

नावाचा आणखी एक विषय आहे आणि तो माझ्या फार जवळचा आहे. आमच्या शाळेत मंचावर नावे वाचण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. प्रत्येक विद्यार्थी पायऱ्या चढण्याआधी एक कार्ड माझ्या हातात देतो. त्यावर त्याचे नाव आणि खाली ते कसे उच्चारायचे, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. व्हिएतनामी, मेक्सिकन, नायजेरियन, तेलुगू, मराठी अशी सर्व नावे असतात. तालमीच्या दिवशी मी ज्यांच्या नावाबद्दल शंका असेल त्यांना बाजूला बोलावते आणि त्यांच्याच तोंडून नाव ऐकून पेन्सिलीने खुणा करून ठेवते. मराठी मुले तेव्हा बऱ्याचदा वर्गात रुळलेला सोपा उच्चार सांगतात. मी विचारते, ‘घरी आजी कशी हाक मारते?’ काही जण तरीही वर्गातलाच उच्चार ठेवतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. काही जण मात्र थोडा विचार करतात आणि मग कार्डावर खाडाखोड करून दुसरे काहीतरी लिहितात. तुमच्या शाळेत नावाचा फॉर्म आला, की तो लेकीला सावकाश भरू द्या. चार वर्षांत तिचे पूर्ण नाव सर्वांसमोर मोठ्याने उच्चारले जाण्याची ही एकच वेळ असते.

शेवटी एक कायद्याची गोष्ट सांगते. १९७४च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कॉलेजात दाखल झाला, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा अधिकार पालकांकडून त्याच्याकडे जातो. म्हणजे ऑगस्टनंतर तिचे गुण कॉलेज तुम्हाला थेट सांगेलच असे नाही. आरोग्याच्या माहितीचेही तसेच आहे. तिला दूरच्या गावी पाठवण्याआधी तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांनी तुमच्याशी बोलावे, यासाठीच्या संमतिपत्रावर तिची सही घेऊन ठेवा. हे काम उन्हाळ्यातच उरकावे.

शाळा स्वयंसेविका, बे एरिया यांचे उत्तर

वरच्या उत्तरांत बहुतेक सर्व आले आहे, म्हणून मी केवळ मराठीशी संबंधित दोन मुद्दे जोडते.

तुमची मुलगी मराठी शाळेत जात होती का? बृहन्महाराष्ट्र मंडळ या येथील मराठी मंडळांच्या संघटनेशी जोडलेल्या मराठी शाळा अनेक शहरांत आहेत आणि तेथे शिकलेल्या मुलांना हायस्कूलच्या डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर मिळू शकते, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. ही मोहोर २०११ मध्ये प्रथम कॅलिफोर्नियाने सुरू केली आणि न्यू जर्सीतही ती दिली जाते. इंग्रजीच्या अटी पूर्ण करून दुसऱ्या एका भाषेत ठरावीक पातळी सिद्ध करावी लागते. ती भाषा शाळेत शिकवली जाणारी स्पॅनिश किंवा फ्रेंचच असावी, असे बंधन नाही. मराठीसाठी लेखन आणि संभाषण तपासणारी ‘स्टॅम्प’ ही चाचणी उपलब्ध आहे. मात्र तिची नोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला होते, त्यामुळे मोठ्या मुलीला यंदा उशीर झाला असण्याची शक्यता आहे. धाकटे भावंड असेल, तर त्याच्यासाठी आतापासून भाषाविभागाच्या प्रमुखांना विचारून ठेवा. आमच्या मराठी शाळेतल्या मुली रविवारी सकाळी बाराखडी गिरवताना कुरकुर करतात, पण समारंभात आपल्या भाषेसाठी मिळालेले पदक गाउनवर लावून चालताना मी त्यांचे चेहरे पाहिले आहेत, आणि त्या सकाळी वाया गेल्या नाहीत, अशी माझी खात्री आहे.

पोशाखाबद्दल बोलायचे, तर गाउनच्या आत साडी नेसायला सहसा कोणाची हरकत नसते. गाउनवर वरून काही घालायचे असेल, तर मात्र शाळेची परवानगी विचारावी. कॅलिफोर्नियात सांस्कृतिक किंवा धार्मिक महत्त्वाची वस्तू समारंभात परिधान करण्याचा हक्क विद्यार्थ्यांना २०१९ पासून कायद्याने मिळालेला आहे. इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत. साडी नेसणार असेल, तर ती घोट्याच्या वर आणि नीट पिनांनी बसवलेली असावी, कारण मंचाच्या पायऱ्या अरुंद असतात आणि गाउनमुळे पायांकडे दिसत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा यांचे उत्तर

मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो आणि नंतर ओहायोमध्ये माझ्या नातीच्या ग्रॅज्युएशनला उपस्थित राहिलो. नाशिकचे आजी-आजोबा एवढा प्रवास करून येणार असतील, तर त्यांना नेमके काय पाहायला मिळेल, हे एका आजोबाने सांगावे, म्हणून लिहितो.

तेथे जाण्याआधी माझी समजूत अशी होती, की हा हुशार मुलांच्या सत्काराचा कार्यक्रम असेल. आपल्याकडे निकालानंतर शाळेच्या फाटकावर पहिल्या पाच मुलांच्या छायाचित्रांचा फलक लागतो आणि उरलेल्या मुलांची नावे पुन्हा कोणी घेत नाही. मीही तसे फलक दर वर्षी लावत आलो. त्या समारंभात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचे भाषण झाले, ते पाच-सहा मिनिटांत संपले आणि त्यानंतर दीड तास केवळ नावे वाचली गेली. आडनावाच्या अक्षरक्रमाने प्रत्येक विद्यार्थी मंचावर आला आणि मुख्याध्यापिकेने प्रत्येकाशी हस्तांदोलन केले. सैन्यात भरती होणाऱ्या मुलांना उभे राहण्यास सांगण्यात आले आणि सगळे मैदान त्यांच्यासाठी उभे राहिले. कार्यक्रमपत्रिकेत पुढे विद्यापीठात जाणारे, सामुदायिक महाविद्यालयात जाणारे आणि वीजतंत्रीचे किंवा नळकामाचे शिक्षण घेणारे यांची नावे एकाच यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेली होती. विशेष शिक्षण घेणारा एक मुलगा चाकाच्या खुर्चीतून आला. उताराची फळी लावलेली असूनही चाक कडेला अडकले, तेव्हा रांगेत त्याच्या मागे असलेल्या मुलाने स्वतःची टोपी बगलेत धरून दोन्ही हातांनी खुर्ची सरळ केली आणि पुन्हा दोन पावले मागे जाऊन उभा राहिला, म्हणजे छायाचित्रात तो एकटाच यावा. हे कोणी त्याला शिकवले असेल, याचा मी अजूनही विचार करतो.

माझ्या शेजारी एक मेक्सिकन कुटुंब बसले होते. त्यांच्या मुलाचे नाव पुकारले गेल्यावर ते सर्व जण एवढ्या मोठ्याने ओरडले, की मी दचकलो. नंतर नातीने सांगितले, की त्या घरात हायस्कूल पूर्ण करणारा तो पहिलाच मुलगा होता. या देशात आजही दर शंभर मुलांतील सुमारे १३ जण नियत चार वर्षांत डिप्लोमापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या घरांतून पदवीपेक्षा कमी कशालाही शिक्षण मानत नाहीत, त्यामुळे बारावीचा एवढा सोहळा कशासाठी, असे आपल्याला वाटते. त्या कुटुंबाकडे पाहिल्यावर मला तो प्रश्न पडला नाही.

आपल्याकडचा निरोप समारंभ परीक्षेपूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीत होतो. तेव्हा मुलांच्या मनावर परीक्षेचे दडपण असते आणि निकालानंतर तो वर्ग पुन्हा एकत्र येत नाही. काम पूर्ण झाल्यावर सर्वांनी एकदा एकत्र बसावे, ही पद्धत मला फार योग्य वाटली. परत आल्यावर मी आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला सुचवले, की दहावीच्या गुणपत्रिका खिडकीतून वाटण्याऐवजी एका सकाळी पालकांना बोलावून, प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव पुकारून त्या द्याव्यात, आणि पस्तीस टक्के मिळवणाऱ्यालाही त्याच मंचावरून द्याव्यात. मंडळाने ते मान्य केले आहे.

ताई, आपण सासू-सासऱ्यांना अवश्य बोलवा. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली त्यांच्याजवळ असू द्या.

पारिजात यांचे उत्तर

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. मिडलसेक्सकर यांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी कार्यालयात फोन केला. तारीख शाळा मंडळाने मंजूर केली आहे, त्यामुळे आजच तिकिटे काढत आहोत आणि परतीसाठी जुलैचा पहिला आठवडा ठेवला आहे. प्रवेशपत्र मुलीने स्वतः वाचले. ती फार काही बोलली नाही, पण कॅल्क्युलसच्या राहिलेल्या दोन असाइनमेंट तिने रात्री पूर्ण केल्या. हजेरीच्या रकान्यात मला ठाऊक नसलेली काही अनुपस्थिती दिसली, त्याबद्दल आम्ही शांतपणे बोललो.

मुख्याध्यापककाका, तुमचे उत्तर मी सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवले. तेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितले.

एकच शंका राहिली आहे. मैदानाची आणि जिमची तिकिटे वेगवेगळी मिळतात, की एकाच तिकिटावर दोन्हीकडे प्रवेश असतो?

मिडलसेक्सकर यांचे उत्तर

आमच्या शाळेत ती वेगवेगळ्या रंगांची होती आणि तालमीच्या दिवशी मुलांच्या हातात दिली गेली. जिमची तिकिटे लेकीकडून त्याच संध्याकाळी मागून घ्या आणि पासपोर्ट ठेवता तेथे ठेवा, कारण ती हरवल्यास शाळा बदली देत नाही. मैदान की जिम, याचा निर्णय साधारणपणे समारंभाच्या दिवशी दुपारी होतो आणि शाळा तो फोनसंदेशाने कळवते. आजी-आजोबांना घेऊन दार उघडण्याच्या वेळेआधी अर्धा तास पोहोचा, म्हणजे खालच्या खुर्च्यांवर जागा मिळेल.